विमा कंपनीनं ही गाडी का सोडली? ऑनलाइन लिलावातली अपघाती गाडी घेण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑनलाइन लिलावात चार वर्षं जुनी एक सेडान दिसतेय. पुढचा बंपर, बोनेट आणि उजवा हेडलाइट गेलाय, चालकासमोरची एअरबॅग उघडलीय, बाकी गाडी दहा फोटोंत स्वच्छ दिसते. नोंदीत ‘सुरू होते आणि चालते’ असा शेरा आहे, विक्रेता विमा कंपनी आहे, आणि बोली चांगल्या गाडीच्या बाजारभावाच्या तिसऱ्या हिश्श्यावर आलीय. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, डेंटिंग-पेंटिंग केलं की झाली नवी. घ्यावी का, आणि बोली कुठपर्यंत न्यावी?

मी बॉडी रिपेअरचं काम करतो आणि अशा गाड्या लिलावातून घेऊन उभ्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. उत्तर लांब होणार आहे, कारण यात फक्त पैसे बुडण्याचा प्रश्न नाही. दुरुस्त झालेल्या गाडीत उद्या तुमच्या घरची माणसं बसणार आहेत.

ही गाडी तुमच्यापर्यंत येण्याआधी विमा कंपनीच्या सर्व्हेअरच्या, म्हणजे नुकसान मोजणाऱ्या माणसाच्या, नजरेखालून गेलेली आहे. पार्टची यादी झाली, मजुरी धरली, आणि कंपनीनं ठरवलं की दुरुस्तीपेक्षा मालकाला पूर्ण रक्कम देऊन गाडी विकून टाकलेली परवडते. तुम्ही मात्र दहा फोटो पाहून म्हणताय की दुरुस्ती परवडेल. म्हणजे तुमच्यात आणि कंपनीत कुठेतरी हिशेबाचा फरक आहे. तो फरक नेमका कुठे आहे हे सापडलं तर व्यवहार फायद्याचा. नाही सापडला, तर कंपनीला जे कळलं ते तुम्हाला कळलेलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून मी प्रत्येक गाडीबाबत पहिला प्रश्न एकच विचारतो: कंपनीनं ही सोडली का?

कंपनीचा हिशेब महाग असतो, हे खरं. ती प्रत्येक पार्ट नवा धरते, अधिकृत सर्व्हिस सेंटरची मजुरी धरते, काम उघडल्यावर आणखी काय निघेल याची भीती धरते, आणि बऱ्याच देशांत ग्राहकाला तेवढे दिवस दिलेल्या भाड्याच्या गाडीचा खर्चही धरते. टोटल लॉसची, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरण्याची, रेषाही सगळीकडे एक नाही. भारतात दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की ती टोटल लॉस धरतात. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात ही रेषा ७५ टक्के, टेक्सासमध्ये १०० टक्के. काही राज्यांत टक्केवारीच नाही: दुरुस्तीचा खर्च आणि भंगाराची किंमत मिळून गाडीच्या किमतीएवढी झाली की गाडी गेली. म्हणजे एकच ठोकर खाल्लेली गाडी एका ठिकाणी दुरुस्त होऊन मालकाकडे परत जाते आणि दुसऱ्या ठिकाणी लिलावात येते. आपल्या कामाच्या गाड्या या फटीतूनच मिळतात.

कंपनीनं सोडली पण तरी घेण्यासारखी, अशा गाड्या साधारण कुठल्या? गारपिटीत टपापासून बोनेटपर्यंत खड्डे पडलेली गाडी. यांत्रिक नुकसान शून्य, पण प्रत्येक पॅनेलचा खर्च मांडला की आकडा फुगतो. चोरीला गेली, मालकाला पैसे मिळाले आणि नंतर गाडी सापडली. चाकं, सीट, म्युझिक सिस्टीम गेलेली असते, पण पत्रा सरळ असतो. दहा-बारा वर्षांची गाडी, जिचा एक दरवाजा आणि एक फेंडर बदलला तरी किंमत ओलांडते. आणि चौथा प्रकार म्हणजे मार हलका पण एअरबॅग उघडल्या, त्यामुळे बिल चढलं. हा चौथा प्रकार सगळ्यात जास्त फसवतो, आणि तुमची गाडी बहुधा त्यातली आहे. तिच्याकडे पुन्हा येतो.

आता नोंदीतले शब्द. सगळे लिलाव ‘जशी आहे, जिथे आहे’ या तत्त्वावर चालतात. बोली जिंकल्यावर ‘हे फोटोत नव्हतं’ म्हणायची सोय नसते. ‘सुरू होते आणि चालते’ याचा अर्थ एवढाच की यार्डात आली त्या दिवशी गाडी सुरू झाली, गिअर पडला आणि ती स्वतःच्या ताकदीवर थोडी हलली. बाहेरून बॅटरी लावून सुरू केली असेल तरी शेरा तोच. रेडिएटर फुटलेलं इंजिनही मिनिटभर चालतंच. आणि त्या दिवसानंतर गाडी दोन महिने उघड्यावर उभी असू शकते. ‘मुख्य नुकसान: पुढे’ हे यार्डातल्या माणसानं एका फेरीत पाहून लिहिलेलं असतं. ‘दुय्यम नुकसान’ हा रकाना रिकामा असला तर दुसरं नुकसान नाही असं समजू नका, ते कुणी लिहिलेलं नाही इतकंच समजा. किलोमीटरपुढे ‘खात्री नाही’ असा शेरा असेल तर तो आकडा नाहीच असं धरून चाला. किल्ली आहे की नाही हेही बघा. चिपची किल्ली नसेल तर नवी कोड करून घेण्याचा खर्च आहे, आणि किल्लीशिवाय गाडी तपासताही येत नाही.

विक्रेता कोण, याला मी फार महत्त्व देतो. विमा कंपनीची गाडी ही क्लेम मिटला म्हणून आलेली असते, तिला लपवाछपवीत रस नसतो. डीलरची किंवा खासगी माणसाची मोडकी गाडी लिलावात दिसली की मी आधी तिचा व्हीआयएन, म्हणजे गाडीची ओळख सांगणारा क्रमांक, इंटरनेटवर शोधतो. बऱ्याचदा तीच गाडी चार-सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या लिलावात, जास्त मोडलेल्या अवस्थेत सापडते. कुणीतरी ती घेतली, उघडली, आत काय आहे ते पाहिलं, वरवर जोडली आणि पुन्हा सोडली. आपल्याच धंद्यातल्या माणसानं हात टेकलेली गाडी आपण का घ्यावी? तुमचा विक्रेता विमा कंपनी आहे, ही तुमच्या बाजूची पहिली गोष्ट.

आता फोटो. नवखा माणूस फोटोत मोडलेला भाग बघतो. तो बघायला फार वेळ लागत नाही, तो तर दिसतोच आहे. तुम्ही मोडलेल्या भागापासून लांबचा भाग बघा. आजची बहुतेक प्रवासी गाडी म्हणजे चासीवर ठेवलेला डबा नसतो, सगळा डबा मिळूनच चासी असते. पुढून बसलेला धक्का तिथेच थांबत नाही. बंपरमागच्या आडव्या पट्टीतून तो इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या दांड्यांत जातो, ज्यांना आम्ही लाँग मेंबर म्हणतो. तिथून फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि माणसं यांच्यामधली पत्र्याची भिंत, तिथून पिलर, म्हणजे टप पेलणारे खांब, मग टप आणि खालची फ्लोअर. गाडी बनवणाऱ्यानेच तो असा वाटून दिलेला असतो, म्हणून तर आतली माणसं वाचतात. तेव्हा पुढे ठोकलेल्या गाडीत मी मागच्या दरवाजाची फट बघतो. वर आणि खाली सारखी आहे का? टपाच्या पत्र्यावर, मधल्या पिलरच्या वर, हलकीशी लाट दिसते का? मागच्या फेंडरवर इंधनाच्या झाकणाजवळ मुरड आहे का? असेल तर धक्का संपूर्ण गाडीतून गेलाय, आणि बंपर-बोनेटचा खर्च त्यापुढे किरकोळ आहे.

पुढची चाकं बघा. चाक आणि चाकाच्या कमानीची मागची कड यांच्यातली फट डावीकडे आणि उजवीकडे सारखी हवी. एका बाजूचं चाक मागे सरकलेलं दिसलं तर निदान कंट्रोल आर्म, म्हणजे चाक धरून ठेवणारा सस्पेन्शनचा दांडा, तरी गेलाय, आणि बऱ्याचदा ज्यावर तो बसतो तो सबफ्रेम, म्हणजे खालचा सांगाडाही. गाडीखालची जमीन बघा, डाग कुठल्या रंगाचा आहे ते झूम करून बघा. आणि दरवाजांखालचा पट्टा बघा: यार्डात गाड्या फोर्कलिफ्टनं उचलतात, त्याच्या दातांनी तो चेपलेला पुष्कळदा सापडतो. हे नुकसान अपघातातलं नसल्यानं कुठल्याच नोंदीत येत नाही.

माझी सुरुवातीची एक गाडी सांगतो. नोंदीत नुकसान फक्त मागे होतं, आणि फोटोतही मागचंच दिसत होतं. डिकी आणि बंपर बदलायचा हिशेब करून मी ती घेतली. वर्कशॉपमध्ये आणल्यावर सहज बोनेट उघडलं, तर एका बाजूच्या लाँग मेंबरवरचा रंग दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित चकचकीत वाटला. टेप घेऊन बोनेटखालचे दोन्ही कर्ण मोजले. १४ मिलिमीटरचा फरक. ही गाडी आधी कधीतरी पुढूनही ठोकली होती आणि कुणीतरी ती ओढून, रंगवून विकली होती. सरळ करून देण्याइतकी ती खात्रीची राहिली नव्हती. ती मी पार्ट काढून विकली आणि गेलेले पैसे गेले. तेव्हापासून मागे ठोकलेल्या गाडीचाही पुढचा फोटो मी तितक्याच बारकाईनं बघतो.

ओढून सरळ करण्याबद्दल एक गोष्ट ठाम सांगतो. जुना पत्रा तापवून, ठोकून सरळ होत असे. आताच्या गाड्यांत मधले पिलर, दरवाजातल्या दांड्या अशा जागी बोरॉनमिश्रित अतिकणखर पोलाद असतं. ते तापवलं की त्याची ताकद निघून जाते. दिसायला सरळ होतं, रंगानंतर कुणाला कळतही नाही, पण पुढच्या धडकेत ते कागदासारखं दुमडतं. असा भाग गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्या जोडावर कापून नवाच बसवावा लागतो. ज्याच्याकडे मोजमापाचा बेंच आणि योग्य वेल्डिंग नाही, त्यानं पिलरला मार लागलेली गाडी घेऊच नये. ‘आमचा माणूस करतो सरळ’ हे वाक्य मी अनेकदा ऐकलंय, आणि प्रत्येक वेळी मला त्या गाडीत पुढे बसणाऱ्याची काळजी वाटते.

आता एअरबॅग, म्हणजे तुमच्या गाडीचा मुख्य प्रश्न. एक एअरबॅग उघडली म्हणजे एक एअरबॅग आणायची, एवढ्यावर भागत नाही. बहुधा त्याच वेळी सीट बेल्टचे प्रीटेन्शनर, म्हणजे धडकेत बेल्ट झटक्यात आवळणारे भाग, फुटतात. बेल्ट फोटोत सैल, लोंबता किंवा अडकलेला दिसला तर तो गेला. एअरबॅगच्या मॉड्युलमध्ये, म्हणजे त्या उघडायचं ठरवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, अपघाताची नोंद कायमची बसते, म्हणून ते बदलायचं किंवा गाडीच्या कंपनीनं परवानगी दिली असेल तरच रीसेट करायचं. धक्क्याचे पुढचे सेन्सर बदलायचे. बाजूच्या सीटसमोरची उघडली असेल तर डॅशबोर्ड फाटलेला असतो, खिडक्यांवर पडद्यासारख्या उतरणाऱ्या उघडल्या असतील तर टपाचं अस्तर आणि पिलरची कव्हरं गेली. याची बेरीज करून बघा, कधी कधी ती सगळ्या पत्र्याच्या कामाहून जास्त भरते. कंपनीनं गाडी का सोडली याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं.

आणि इथेच सगळ्यात घाणेरडी लबाडी चालते. एकदा एक गृहस्थ दुसरीकडून घेतलेली दुरुस्त गाडी माझ्याकडे सीटचा आवाज येतो म्हणून घेऊन आले. सीट काढली, खाली पिवळा कनेक्टर होता. एअरबॅगच्या सर्किटचे कनेक्टर साधारणपणे पिवळे असतात. त्याच्या दोन पिनांमध्ये एक छोटासा रेझिस्टर पिळून घातला होता आणि वर काळी टेप गुंडाळली होती. मॉड्युलला वाटत होतं की एअरबॅग जागेवर आहे, म्हणून डॅशबोर्डवरचा दिवा शांत. सीटमध्ये एअरबॅगच नव्हती. त्या घरची आजी रोज त्या सीटवर बसून दवाखान्यात जात होती. म्हणून दुरुस्त गाडी घेताना नुसता दिवा विझलेला बघू नका. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागायला हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. लागतच नसेल तर बल्ब काढलाय किंवा तार कापलीय. तरीही खात्री हवी तर स्कॅनर लावा आणि आतली कव्हरं उघडून प्रत्यक्ष बघा.

स्वस्तातल्या एअरबॅगपासून तर चार हात लांब राहा. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा यंत्रणेनं २०२४ मध्ये निकृष्ट इन्फ्लेटरबाबत, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या भागाबाबत, जाहीर इशारा दिला होता. अपघातानंतर दुरुस्त केलेल्या गाड्यांत बसवलेले हे इन्फ्लेटर पुढच्या अपघातात फुटून धातूचे तुकडे चालकाच्या अंगात गेले होते, माणसं दगावली होती. गाडीच्या कंपनीचा नवा भाग परवडत नसेल तर ती गाडीच तुम्हाला परवडत नाही, असा हिशेब ठेवा.

पुराच्या गाडीबद्दल माझं मत कडक आहे: घेऊ नका. पुढून ठोकलेली गाडी कुठे मोडलीय ते दाखवते. पाण्यातून निघालेली गाडी धुऊन, वाळवून, अत्तर मारून शोरूममधल्यासारखी उभी करता येते. अमेरिकेत २००५ च्या कतरिना, २०१२ च्या सँडी आणि २०१७ च्या हार्वी वादळानंतर अशा गाड्यांचे लोंढेच बाजारात आले, आणि त्यातल्या पुष्कळ दूरच्या राज्यांत जाऊन चांगल्या म्हणून विकल्या गेल्या.

माझ्याकडे अशी एक गाडी ‘विजेचा बिघाड’ म्हणून आली होती. कार्पेट कोरडं, सीट स्वच्छ, आत लिंबाचा वास. मी चालकाचा सीट बेल्ट धरून ओढत गेलो, अगदी शेवटपर्यंत, जितका कुणीच कधी ओढत नाही. शेवटची वीतभर पट्टी तपकिरी निघाली. बोट फिरवलं तर मैद्यासारखा बारीक गाळ बोटाला लागला. मग स्टेपनी काढली, खालच्या खोलगट जागेत तोच गाळ. सीटच्या नटांवर गंज, मागच्या दिव्याच्या आत पाण्याची रेघ. तरीही त्या वेळी मी ती परत विक्रीला न काढता सगळं हार्नेस, म्हणजे तारांचं जाळं, उघडून साफ करत बसलो, माझ्या कामावर माझा फार विश्वास होता. गाडी पाच महिने उत्तम चालली. मग एके दिवशी वळणावर पॉवर स्टेअरिंग बंद पडलं आणि स्टेअरिंग एकदम दगडासारखं जड झालं. गाडी ज्यांना दिली होती ते थोडक्यात वाचले. मी ती पूर्ण पैसे देऊन परत घेतली आणि मोडीत काढली. कनेक्टरच्या आत तांब्यावर हिरवा गंज चढायला वेळ लागतो, आणि तो कुठल्या पिनवर आधी चढेल हे कुणालाच सांगता येत नाही. खारं पाणी असेल तर हेच आणखी वेगानं होतं.

इंजिनानं पाणी ओढलेलं असेल तर आणखी एक घात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्टार्टर मारला की पिस्टन अडतो आणि त्याला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. यार्डात कुणी सहा वेळा स्टार्टर मारून पाहिलाय हे तुम्हाला कळायचा मार्ग नाही.

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांबद्दल थोडक्यात. बॅटरीच्या तळाच्या कव्हरला खरचटलेलं असलं तरी मी ती नवख्या माणसाला घेऊ देत नाही. भगव्या रंगाच्या, म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या केबलना हात लावायचं प्रशिक्षण नसेल तर विषयच संपला. २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या इलेक्ट्रिक गाड्यांनी काही दिवसांनी, उभ्या उभ्या पेट घेतला होता. अशी गाडी इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून निदान १५ मीटर लांब ठेवावी असं अग्निशमनवाले सांगतात. एवढी मोकळी जागा तुमच्याकडे आहे का, हा विचार बोलीच्या आधी.

कागदपत्रांकडे लोक शेवटी बघतात, खरं तर ती पहिल्या दिवशी बघावीत. प्रत्येक लॉटसोबत, म्हणजे लिलावातल्या प्रत्येक गाडीसोबत, कागद कुठल्या प्रकारचा मिळणार हे लिहिलेलं असतं. दुरुस्त करून, तपासणी करून पुन्हा रस्त्यावर आणता येणारी गाडी वेगळी, आणि फक्त पार्टसाठी किंवा नष्ट करण्यासाठी दिलेली वेगळी. दुसऱ्या प्रकारची गाडी तुम्ही सोन्यासारखी केली तरी तिची नोंदणी होत नाही. ब्रिटनमध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासूनची वर्गवारी यासाठी चांगली आहे: ए म्हणजे संपूर्ण चिरडायची, बी म्हणजे पार्ट काढता येतील पण सांगाडा चिरडायचा, एस म्हणजे सांगाड्याला मार पण दुरुस्त होण्याजोगी, एन म्हणजे सांगाड्याला मार नाही. तुमच्याकडे वर्गवारीची नावं वेगळी असतील, पण प्रश्न हाच: ही गाडी कायद्यानं पुन्हा रस्त्यावर येऊ शकते का? लिलावाच्या पानावरचं वाक्य कॉपी करा आणि नोंदणी कार्यालयात जाऊन प्रत्यक्ष विचारा. जुनं कर्ज फिटल्याचा कागद मिळणार का, मूळ मालकाच्या सह्या कुणाकडून मिळणार, हेही त्याच वेळी.

व्हीआयएन क्रमांक तीन ठिकाणी जुळवा: काचेखालचा, दरवाजाच्या चौकटीवरचा आणि पत्र्यावर ठोकलेला. १७ अक्षर-अंकांचा हा क्रमांक, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. टोटल लॉस गाडीचे कागद आणि क्रमांक चोरीच्या गाडीला चढवण्याचा धंदा जगभर चालतो. आपल्या नकळत त्यात अडकलात तर गाडीही जाते आणि पोलिसांच्या फेऱ्याही मागे लागतात. याच कारणानं, गाडी पार्टसाठी विकली तरी तिचे कागद कुणाच्या हाती मोकळे सोडू नका. नोंदणी रद्द करून घ्या.

आता बोलीचा आकडा. लोक आजच्या बोलीपासून वर मोजतात, मी शेवटापासून मागे येतो. चांगल्या गाडीचा भाव १०० धरा. टोटल लॉसचा शिक्का असलेली गाडी कितीही सुंदर दुरुस्त केली तरी विकताना साधारण २० ते ४० टक्के कमी येतात. बँक कर्ज द्यायला कचरते, बऱ्याच विमा कंपन्या पूर्ण विमा देत नाहीत. तेव्हा मध्य पकडून ७० धरू. आता वजाबाकी: पार्ट १८, मजुरी आणि रंग १०. या २८ वर न दिसलेल्या नुकसानासाठी पाचवा हिस्सा, म्हणजे जवळपास ६. लिलावाचं शुल्क, कर आणि गाडी आणण्याचा खर्च मिळून १०. तपासणी आणि कागद २. बेरीज ४६. सत्तरातून गेले, उरले २४. म्हणजे २४ ला गाडी घेतली तर तुम्ही बरोबरीत सुटलात, कमाई शून्य. तुमच्या गाडीची बोली आत्ताच ३३ वर आहे. स्वतः वापरायला घेताय आणि दहा वर्षं विकणार नाही, तर शिक्क्यामुळे जाणारा भाव तुम्हाला आज बोचणार नाही, हे मान्य. पण मग विम्याचा प्रश्न जास्त बोचेल, कारण दुसऱ्या अपघातात हाती काय येईल हे आधीच विचारून ठेवावं लागेल.

लिलावाचं शुल्क कमी समजू नका. खरेदीदाराचं शुल्क बोलीच्या टप्प्याप्रमाणे चढतं. त्याशिवाय इंटरनेटवरून बोली लावल्याचं, गेटमधून गाडी बाहेर काढल्याचं, कागद पाठवल्याचं वेगळं. पैसे उशिरा भरले तर दंड, गाडी ठरलेल्या दिवसांत उचलली नाही तर रोजचं भाडं, आणि पैसेच भरले नाहीत तर डिपॉझिट जप्त. सदस्य नसल्यामुळे एजंटमार्फत घ्यावी लागली तर त्याची दलाली. बोली लावण्याआधी टोइंगवाल्याकडून भाव घेऊन ठेवा. गाडी ढकलता येते की चाकं लॉक आहेत, यावरही तो भाव बदलतो.

अपघाती गाड्यांचे लिलाव करणाऱ्या अमेरिकेतल्या कोपार्ट कंपनीनं २००३ मध्ये सगळा लिलाव इंटरनेटवर नेला, आणि हळूहळू हा धंदाच असा झाला की जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस यार्ड न बघता बोली लावतो. थेट लिलावात एक लॉट मिनिटभरात निघून जातो. त्या मिनिटात हात सुटतो, माझाही सुटलेला आहे. म्हणून आदल्या रात्री शेवटचा आकडा कागदावर लिहा, तोच कमाल बोली म्हणून भरून ठेवा आणि थेट लिलावाच्या वेळी स्क्रीनसमोर बसू नका. बोली राखीव किमतीखाली, म्हणजे विक्रेत्यानं ठरवलेल्या किमान किमतीखाली, राहिली तर विक्रेत्याचा प्रस्ताव नंतर येतो. घाई नसणाऱ्याला तिथे बऱ्यापैकी भाव मिळतो.

आणि यार्ड पोहोचण्याजोगं असेल तर जा. नसेल तर तिथला एखादा मेकॅनिक पैसे देऊन पाठवा. बोलीच्या रकमेपुढे ती फी काहीच नाही. त्याला सांगून ठेवा की इंजिनाचा फोटो नको, गाडीच्या पोटाचा, सीटखालच्या कार्पेटचा, स्टेपनीच्या खड्ड्याचा आणि पूर्ण ओढलेल्या सीट बेल्टचा हवा.

आता तुमची गाडी. तुम्ही पाठवलेले दहाही फोटो मी मोठे करून पाहिले. मागचे दरवाजे, टप, मागचे फेंडर बरे वाटतात. मधल्या पिलरपर्यंत धक्का गेल्याची खूण मला दिसली नाही. पण दोन गोष्टी खटकतात. चौथ्या फोटोत उजवं पुढचं चाक कमानीच्या मागच्या कडेला डाव्यापेक्षा अंदाजे दोन बोटं जवळ आहे. आणि सातव्या फोटोत फक्त चालकाचाच नाही, बाजूच्या सीटचाही बेल्ट लोंबतोय. म्हणजे निदान दोन प्रीटेन्शनर, मॉड्युल, आणि उजव्या बाजूचं सस्पेन्शन. बंपर-बोनेट म्हणून तुमच्या मेकॅनिकनं जो आकडा सांगितला त्यात यातलं काही धरलेलं नसणार. त्याला या दोन फोटोंवर बोट ठेवून पुन्हा विचारा. यार्डात माणूस पाठवून उजव्या लाँग मेंबरची आणि सबफ्रेमच्या बोल्टची जागा बघून घ्या. दांडा सरळ असेल तर मी या गाडीवर २० पर्यंत जाईन, फार तर २२. बोली त्याच्या वर गेलेलीच आहे, तेव्हा ही सोडा आणि विक्रेता विमा कंपनी असलेल्या, एअरबॅग न उघडलेल्या गाड्या शोधत राहा. गारपिटीच्या मोसमानंतरचे दोन महिने रोज बघत राहा. लॉट क्रमांक पाठवलात तर फोटो बघून सांगेन.